मदत हवी आहे: कूतच्या वेढ्यातल्या पणजोबांचा शोध

नमस्कार मंडळी,

माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेले, ते परत आलेच नाहीत. मूळ गाव सातारा जिल्ह्यात. घरी त्यांचं चांदीचं पदक आहे. त्याच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव-आडनाव आणि ११० मराठा पलटण एवढं कोरलंय. वडिलांचं नाव नाही, गाव नाही. आणि त्या नाव-आडनावाचे शिपाई आमच्याकडे गावोगाव सापडतील.

तिथल्या कूत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात ही पलटण अडकली होती. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, हजारो हिंदी शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले आणि कित्येकांना आजच्या सीरियातल्या रास अल-ऐनला रेल्वेच्या कामाला जुंपलं. पणजोबा वेढ्यातच गेले की कैदेत, एवढं तरी कळावं अशी फार इच्छा आहे.

बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरकडे पदकावरच्या नंबरावरून जुनी नोंद मिळते का? अर्ज कोणाच्या नावे करायचा, सोबत काय जोडायचं? पणजीला पेन्शन यायची, त्या कागदांचा माग कुठे लागेल? पणजोबांचे धाकटे भाऊ मुंबईला गिरणीत लागले होते, त्यांच्या वंशजांपर्यंतही पोचायचंय. कोणी असा शोध घेतला असेल तर कृपया सविस्तर सांगा.