मदत हवी आहे: मल्लखांबाचा जुना खांब बाकाची पाठ म्हणून बसवायचा आहे, एरंडेल मुरलेल्या सागवानावर पॉलिश कसं धरेल?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या व्यायामशाळेची नवी इमारत झाली आणि त्या गडबडीत पुरलेला जुना मल्लखांब काढावा लागला. जमिनीच्या पातळीला तो कुजला होता. खाली मातीत ओल आणि वर मोकळी हवा, दोन्ही जिथे भेटतात तिथेच लाकूड आधी जातं, सागवानसुद्धा. कुजका भाग कापल्यावर आता साधारण आठ फूट अगदी ठणठणीत खांब उरला आहे. बुंध्याशी घेर ५४ सें.मी., वरच्या बारीक मानेखाली ३०. मान आणि तिच्यावरचं गोल बोंड शाबूत. वजन पंचवीस किलोच्या आसपास.

वखारवाल्याने लगेच भाव सांगितला. आम्ही विकणार नाही. या खांबावर गावातल्या तीन पिढ्यांची पोरं चढली आहेत. त्याचा बाक करून नव्या व्यायामशाळेच्या पडवीत ठेवायचा, असं सगळ्यांचं ठरलं आहे. आमचे वस्ताद आता वयोमानाने उभे राहून शिकवू शकत नाहीत. त्यांना पोरांकडे बघत बसायला हक्काची जागा हवी.

सुताराने पहिल्यांदा सुचवलं ते असं: खांब सॉमिलवर उभा चिरायचा, एक फाळका उलटा फिरवून दोन्ही शेजारी ठेवायचे, म्हणजे एकाच्या जाड टोकाशी दुसऱ्याचं बारीक टोक येतं आणि बैठक दोन्हीकडे सारख्या रुंदीची होते. युक्ती चांगली आहे, पण आम्हाला ती नको. दरवर्षी खंडेनवमीला या खांबाला हळद-कुंकू लागलं आहे, चढण्याआधी प्रत्येकाने त्याला हात लावून नमस्कार केला आहे. त्याच्यावर बसायचं मनाला पटत नाही. पाठ टेकायला मात्र हरकत नाही, असं वस्तादच म्हणाले. म्हणून खांब अखंड ठेवून बाकाची पाठ करायची आणि बैठक दुसऱ्या लाकडाची, असा बेत आहे.

आता खरी अडचण तेलाची. वर्षानुवर्षं एरंडेल चोळल्यामुळे खांब काळपट, गुळगुळीत झाला आहे. हात फिरवला की अजून तळव्याला चिकट ओशटपणा लागतो. जवसाचं तेल हवेने वाळून घट्ट होतं, एरंडेल तसं वाळत नाही, ते लाकडात ओलंच राहतं. टोकाकडच्या एका वितीवर पॉलिशपेपर मारून बघितला, तर दोन हात फिरवताच पेपर चिंब होऊन बुजला. रॉकेलनेही फारसं निघालं नाही. एरंडेल स्पिरिटमध्ये विरघळतं हे माहीत आहे, त्यामुळे पुढचा प्रयोग त्याचा करायचा म्हणतो.

माझे प्रश्न इथून सुरू होतात. स्पिरिटने पुसल्यावर वरचं तेल निघेल, पण आत मुरलेलं उन्हाळ्यात पुन्हा वर येईल का? मुलतानी मातीचा लेप देऊन तेल ओढून घेता येतं असं एका जुन्या सुताराने सांगितलं. लाकडावर कोणी केलं आहे का? चपडी लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्येच बनतं, मग ते उरलेल्या एरंडेलाशी मिसळून मऊ राहील की घट्ट धरेल? की पॉलिशच्या भानगडीत न पडता फक्त पुसून तसाच ठेवावा? माझा कल या शेवटच्या पर्यायाकडे आहे, कारण तो रंग आणि ती झळाळी कुठल्याही डब्यातून येणार नाही. पण पाठ टेकणाऱ्याच्या सदऱ्याला डाग पडता कामा नयेत.

दुसरा मुद्दा बसवण्याचा. सुतार आरपार बोल्ट मारा म्हणतो. मला खांबाला एकही भोक नको आहे. तीन उभ्या आधारांना अर्धगोल खोबण्या करायच्या, आत चामड्याची पट्टी लावायची, खांब त्यात ठेवून वरून लोखंडी पट्टा आवळायचा, असं डोक्यात आहे. खांब निमुळता असल्याने प्रत्येक खोबणी वेगळ्या मापाची होईल. पुढची बाजू सरळ रेषेत ठेवून निमुळतेपणा मागे भिंतीकडे जाऊ द्यावा का? तसं केलं तर बैठकीची खोली सगळीकडे सारखी मिळेल. माणसं रेलल्यावर पट्टे सैल होतील का, हे अनुभवी लोकांनी सांगावं.

जोडीला दोन छोटी कामं आहेत. क्रिकेटच्या मोडक्या बॅटी बऱ्याच साठल्या आहेत, सगळ्या काश्मीर विलोच्या. बॅटची रुंदी नियमाने सव्वाचार इंचांपुढे जात नाही, म्हणजे चार बॅटी शेजारी ठेवल्या की सतरा इंचांपर्यंतची बैठक होते, एका स्टुलाला पुरेशी. मुठी कापून टाकणार आहे, कारण वेतात भुंगा लागून पिठी पडते आहे. पण पात्याची मागची बाजू मध्ये फुगीर आणि कडांना पातळ. ती रंध्याने सपाट करावी की खालच्या आडव्या पट्ट्यांनाच तसा आकार द्यावा? विलो हलकं आणि मऊ, रेषेने चटकन फाटतं, म्हणून मला दुसरी पद्धत बरी वाटते. भुंग्यावर औषध कोणतं, तेही सांगा. तिथे लहान मुलं बसणार आहेत.

कॅरम बोर्डाची टीपॉय करायची आहे. चौकट वर असल्यामुळे काच तिच्यावर टेकेल आणि आतला पृष्ठभाग दिसत राहील. फक्त काच किती जाडीची घ्यावी?

एक गोष्ट आधीच लिहून ठेवतो, म्हणजे कोणी सुचवलं तर सोबत हेही वाचलं जाईल: जवसाचं तेल लावलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना तापतं आणि चिंधी आपोआप पेटू शकते. मोकळ्या पसरून वाळवाव्यात, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

बाक दसऱ्याच्या आत उभा करायचा आहे, त्यामुळे तेलाचं उत्तर आधी मिळालं तर फार बरं होईल. तेलकट सागवानावर ज्यांनी स्वतः काम केलं आहे, त्यांनी काय वापरलं आणि एक पावसाळा गेल्यावर ते कसं राहिलं, एवढं जरूर लिहा.