हॅलोविन घरी घडवायचा की दुकानातून आणायचा?

कातरकाम
३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुलं भुताखेतांचे पोशाख घालून दारोदार खाऊ मागतात, तो हॅलोविन. सप्टेंबर संपत नाही तोच अमेरिकेतल्या दुकानांत प्लास्टिकचे सांगाडे टांगले जातात. माझं मत सरळ आहे. घरात तीन ते बारा वर्षांची मुलं असतील तर हॅलोविन घरीच घडवावा. पंख्याने फुगणारा राक्षस अंगणात उभा केला की मुलांच्या हाताला कामच उरत नाही.

सुरुवात भोपळ्यापासून, ज्यावर चेहरा कोरून आत दिवा ठेवतात. २९ ऑक्टोबरच्या आधी कोरू नका. भोपळा बुडाला सपाट आणि देठाला घट्ट असावा. देठाला धरून मात्र उचलू नये, मोडतो. झाकण कापताना सुरी आतल्या बाजूला तिरकी धरा, म्हणजे ते बुचासारखं बसतं. सरळ कापलं तर आत पडतं. झाकणाला एका बाजूला खाच ठेवा, नाहीतर परत बसवताना फिरवत बसावं लागतं. आतला गर स्टीलच्या डावाने खरवडायचा, हे काम चार वर्षांचं मूलही करतं. चेहऱ्याची बाजू साधारण इंचभर जाड राहू द्या. त्याहून जाड असली की करवत अडकते, आणि अर्ध्या इंचाखाली गेली की दुसऱ्या दिवशी दात आत वळतात.

चित्र कागदावर काढून चिकटपट्टीने लावा आणि रेघेवरून टाचणीने टोचत जा. कापताना आधी बारीकसारीक भाग, मग मोठे. डोळ्यांचे मोठे तुकडे आधी मोकळे केले आणि मग नाकावर जोर दिला, की मधली पट्टी तुटते. तुटलीच तर टूथपिकने जोडता येते. करवत मोठ्यांच्याच हातात.

तिरकी_रेघ
एवढं करून तीन दिवसांनी तो भोपळा म्हाताऱ्यासारखा तोंडात बसतो. फोमचा भोपळा एकदा कोरला की दर वर्षी माळ्यावरून काढायचा.

शिवाय कॅलेंडर बघा. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी होती. चकलीची भाजणी, आकाशकंदील आणि भुताचा पोशाख एकाच आठवड्यात, तेही नोकऱ्या सांभाळून? घरचा पोशाख स्वस्त पडतो हाही भ्रम आहे. फेल्ट, वेल्क्रो, ग्लू गनच्या कांड्या, रंग अशी बेरीज करा, तयार पोशाखाच्या पुढे जाते. आणि रात्री अकरा वाजता शेपटी चिकटवत बसलेलं माणूस बहुधा आई असते. मूल झोपलेलं असतं.

बीजगणित
भोपळा लवकर बसतो याचं कारण बहुतेक वेळा आत राहिलेले धागे. तिथूनच बुरशी धरते. पूर्ण खरवडून, चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा साधं ब्लीच घालून कापलेल्या कडांवर फवारायचं आणि उलटा ठेवून वाळवायचा. दोन-चार दिवस वाढतात, जास्त नाही. कडांना व्हॅसलीन लावतात ते सुकू नये म्हणून, पण आत मेणबत्ती असेल तर लावू नका, ते पेट घेतं. टेक्सास किंवा फ्लोरिडाच्या उकाड्यात कशाचाच उपयोग नाही, तिथे आदल्या दिवशीच कोरा.

आता खाण्याचं. कोरायला विकतात तो भोपळा (हाउडन ही त्यातली प्रसिद्ध जात) रेषाळ आणि पाणचट असतो. त्याचे घारगे करायला गेलात तर गरातलं पाणी कणीक ओढत राहतं, आणि घारगे चामट, अगोड होतात. करायचेच असतील तर कीस फडक्यात घट्ट पिळा, गुळाबरोबर कोरडा होईपर्यंत परता आणि मगच मावेल तेवढी कणीक घाला. सरळ मार्ग म्हणजे घारग्यांसाठी शुगर पम्पकिन हा छोटा गोड भोपळा किंवा बटरनट भोपळा वेगळा आणणे. आणि दारात दिवस काढलेला कोरीव भोपळा स्वयंपाकघरात परत आणायचा नाही. गर काय तो कोरतानाच बाजूला काढून फ्रिजमध्ये.

बिया मात्र अस्सल घरच्या. अर्धा कप बियांना दोन कप पाणी, एक मोठा चमचा मीठ, दहा मिनिटं उकळायच्या. मग पुसून पूर्ण कोरड्या करायच्या. ओल्या बिया ट्रेमध्ये गेल्या की भाजण्याऐवजी वाफतात आणि चामड्यासारख्या लागतात. ३२५ फॅरनहाइटला वीस-पंचवीस मिनिटं, मध्ये एकदा हलवून. तिखट आणि आमचूर बाहेर काढल्यावर लावा, आधी लावलं तर तिखट जळून ठसका उठतो.

धागादोरा
पोशाखाबद्दल दोघांचंही अर्धं बरोबर. तयार पोशाखाचा मोठा दोष मापाचा. तो टी-शर्टवर बेतलेला असतो, आणि शिकागो किंवा मिनियापोलिसला ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी जाकीट लागतंच. मग राजकन्या जाकिटाखाली झाकली जाते. घरी शिवताना जाकीट घालूनच माप घ्या, दोन माप मोठं कापा आणि बाहीच्या तळाशी इलास्टिक टाका.

चादरीचं भूत सगळ्यांना सोपं वाटतं आणि तेच सगळ्यांत जास्त फसतं. डोळ्यांची भोकं चालताना सरकून गालावर येतात. उपाय: आत पुढे झापड असलेली टोपी घालायची आणि चादर टोपीला चार ठिकाणी सेफ्टी पिनने आतून अडकवायची. झापडीमुळे कापड तोंडाला चिकटत नाही. भोकं मुलाच्या डोळ्यांच्या दुप्पट मोठी हवीत, कडेने काळ्या पेनाने रंगवली की लांबून भयाण दिसतात. खालची कड घोट्याच्या तीन-चार इंच वर. लांब चादर पायऱ्यांवर पायात येते.

खोक्याचा रोबोट करणाऱ्यांनी एकच बघावं: मुलाला स्वतःचे पाय दिसतात का? खोकं मांडीपर्यंत आलं तर पायरी चढता येत नाही, गाडीत बसता येत नाही. कमरेच्या वरच थांबा, आणि वजन खांद्यावर पट्ट्यांनी घ्या, पुठ्ठ्याच्या भोकावर नको. मान सोलवटते.

तिरकी_रेघ
आगीचं काय? इथे तयार पोशाखावर ज्वालारोधक असल्याची चिठ्ठी शोधून घेता येते. घरच्या जुन्या चादरीला आणि फेल्टला ती हमी कोण देणार? आणि मुलं जातात ती मेणबत्त्यांच्या भोपळ्यांनी भरलेल्या पायऱ्यांवर.

धागादोरा
हा मुद्दा मान्य. घोळदार कापड, पिंजलेला कापूस, गवताची झालर, हे घरगुती पोशाखात टाळा. कापसाची दाढी तर सर्वांत वाईट. आपल्या दारात एलईडी ठेवा. पण शेजाऱ्याच्या मेणबत्त्या आपल्या हातात नाहीत, म्हणून बाही मनगटाशी आवळलेली हवी.

सर्वपित्री
मूळ प्रश्न कुणीच विचारत नाही. पितरांसाठी आपल्याकडे अख्खा पंधरवडा आहे. भुतांचा सण आयात करून, वर तो घरी बनवायचा अट्टाहास कशासाठी? शाळेत होतो तेवढा पुरे.

गोंयकार
राक्षस घरी बनवायची रीत आपल्याकडे नाही असं गोव्यात म्हणून बघा! नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर पोरं नरकासुर उभा करतात. बांबूचा सांगाडा, सुकं गवत, वर कागद, तोंडाला लगद्याचा मुखवटा. पहाटे जाळायचा, मग कारीट फोडून न्हायचं आणि फोव (पोहे) खायचे. वाद मात्र तिथेही हाच. बाजारात तयार मुखवटे मिळतात आणि जुनी माणसं कुरकुरतात.

लगदा मुखवट्याची कृती हॅलोविनलाही तीच चालते. एक वाटी मैदा, दोन वाट्या पाणी, शिजवून खळ. फुग्यावर अर्ध्या भागाला वर्तमानपत्राच्या पट्ट्या. पट्ट्या फाडायच्या, कात्रीने कापायच्या नाहीत. फाडलेली कड एकमेकींत मिसळते. तीन थर, आणि प्रत्येक थराला पूर्ण दिवस. घाईने तिन्ही एकाच दिवशी चढवले की आतला थर ओला राहतो आणि चौथ्या दिवशी मुखवट्याला वास येतो. खळीत चमचाभर मीठ घाला, बुरशीला थोडा आळा बसतो. म्हणजे २० ऑक्टोबरच्या सुमारास सुरुवात हवी.

शलगम
सर्वपित्री, हा सण अमेरिकेनेही आयातच केला आहे. आयरिश लोक शलगम कोरत. मेयो परगण्यातल्या कॅसलबारच्या संग्रहालयात तशा एका कंदिलाची प्रतिकृती आहे. तिचे बारीक दात बघितले तर भोपळा फार प्रेमळ वाटतो. शलगम कोरून बघाच एकदा: कच्च्या बटाट्याहून कडक, सुरी घसरते. आधी ड्रिलने भोकं पाडून मग चमच्याने पोखरावा लागतो. मुलांचं काम नव्हे. स्थलांतरितांनी भोपळा धरला तो काही उगाच नाही.

सर्वपित्री
प्रतिकृती सांगून प्रश्न सुटत नाही. पण नरकासुराचा मुद्दा घेतला. त्यात निदान शेवटी राक्षस मरतो, दारोदार चॉकलेट मागत फिरत नाही.

डबा_घेऊन_या
चॉकलेटवरून: घरचे लाडू वाटायची कल्पना कुणाच्या डोक्यात असेल तर काढून टाका. अनोळखी घरचं सुटं खाणं आईबाप सरळ कचऱ्यात टाकतात. त्यात काजू-शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल निघालं तर आणखी पंचाईत. घरचे लाडू ओळखीच्यांना. दारावर बंद पुड्या, आणि वेगळ्या टोपलीत पेन्सिली, शिक्के, स्टिकर. दारात मोरपिशी निळा भोपळा ठेवला की इथे खाण्याशिवायची भेट मिळते, हे लोक ओळखतात. टील पम्पकिन प्रोजेक्ट ही त्यासाठीची मोहीम देशभर २०१४ पासून चालू आहे.

विषारी गोळ्यांची भीती मात्र फाजील. डेलावेअर विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट १९८०च्या दशकापासून अशा बातम्यांचा माग काढत आहेत. अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याचं एकही सिद्ध प्रकरण त्यांना सापडलं नाही. टेक्सासमध्ये १९७४ साली विषारी खाऊने एक मूल दगावलं, पण विष घालणारा त्या मुलाचा बापच होता.

खरा धोका गाड्यांचा. १९७५ ते २०१६ च्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासात हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आजूबाजूच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त दिसला. काळा पोशाख घरचा असो की दुकानातला, पाठीवर, पिशवीवर आणि बुटांच्या टाचांवर परावर्तक पट्टी लावा. बुटांची पट्टी चालताना हलते म्हणून चालकाच्या नजरेत आधी भरते.

तिरकी_रेघ
पट्टी तयार पोशाखालाही लागते. मी एवढंच म्हणतो की सगळं घरी हा हट्ट सोडा. पोशाख आणा, भोपळा कोरा. किंवा उलट. दिवाळी जोडून येते त्या वर्षी एकच.

कातरकाम
चालेल. पण एक निवडायचं तर भोपळा. आणि बीजगणित, तुम्ही झाकण वरून कापता की बुडातून? हल्ली बुडातून कापा असा सल्ला फार दिसतो.

बीजगणित
बुडातून कापलं की देठाजवळचा भाग शाबूत राहतो, वरचा भाग खचत नाही, आणि दिव्यावर नुसता टोपलीसारखा ठेवता येतो. तोटा असा की ओल्या पायरीवर कापलेली कड पाणी पिते आणि खालून सडतो. मेणबत्ती असेल तर धूर जायला वाट नाही, वरचं छत शिजतं; देठाजवळ भोक पाडावंच लागतं. मेणबत्ती असेल तर झाकण वरून. एलईडी असेल तर मागून कापा, पाठीला तळहाताएवढा चौकोन. देठ शाबूत, बूड शाबूत, आणि बटण चालू करायला मुलाचा हात सहज जातो.