सीताफळाच्या टोस्टचा लगदा होतोय!

प्रश्न (जळगावहून): १ लिटर म्हशीचं दूध लिंबू पिळून फाडलं, फडक्यात बांधून मऊ पनीर केलं. पावावर पनीर, वर सीताफळाचा गर. पाच मिनिटांत पाव गचगचीत! लेक म्हणतो, ‘आई, चमचा दे.’

उत्तर: ताई, फडकं अर्धा तास टांगून पाणी गळू द्या. पाव तव्यावर तूप लावून दोन्हीकडून कडक भाजा. गर खायच्या वेळीच घाला.

उत्तर (रावेरहून): सीताफळ कशाला? केळीच्या गावात राहून! चकत्या थोड्या गुळात परतायच्या, वर चिमूटभर मिरपूड. केळं मात्र जास्त पिकलेलं नको, तव्यातच विरघळतं. आमच्याकडे भरताची वांगी सोडून काही भाजलं की आजी नाक मुरडते. हे मागून खाते.

जळगावहून: केळ्याचं केलं. चमचा लागला नाही, बिया काढायचा वैतागही वाचला.