पाश्चात्त्य स्वरलिपीतील टिंबे, कमानी आणि शार्पच्या खुणा : मदत हवी आहे

नमस्कार. कीबोर्डसाठी पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला मी स्वतःच शिकत आहे. पाच रेघांवरील स्वरांच्या जागा आणि हाफ नोट, क्वार्टर नोट यांच्या कालावधींचे गणित आता बऱ्यापैकी बसले आहे. अडते ते एकाच चिन्हाचा अर्थ जागेनुसार बदलतो तेथे. टिंब कधी स्वराच्या उजवीकडे असते, कधी त्याच्या वर किंवा खाली, तर कधी जाड बारलाइनच्या (बार, म्हणजे ठरावीक मात्रांचे भाग, वेगळे करणाऱ्या उभ्या रेघेच्या) शेजारी दोन टिंबे एकावर एक दिसतात. दोन स्वरांवर कमान असली की दुसरा स्वर पुन्हा वाजवायचा की नाही, हेही मला ठरवता येत नाही. शिवाय मध्येच एखाद्या स्वराला शार्पची (स्वर अर्ध्या स्वराने चढवणारी) खूण लागली, तर ती कुठवर लागू धरायची? मी ती ओळीच्या अखेरपर्यंत धरली आणि वाजवलेले इतके बेसूर लागले की छपाईतच चूक असावी, अशी मला शंका आली. कृपया जाणकारांनी खुलासा करावा.

प्रतिसाद १ :
छपाई बहुधा बरोबरच असावी. स्वराच्या डावीकडे लिहिलेली शार्प, फ्लॅट (स्वर उतरवणारी) किंवा नॅचरलची (स्वर मूळ जागी आणणारी) खूण त्या बारपुरती, आणि तीही त्याच रेघेवरील किंवा त्याच फटीतील पुढच्या स्वरांनाच लागू असते. बारलाइन ओलांडली की ती आपोआप रद्द होते. याउलट ओळीच्या आरंभी क्लेफनंतर (रेघांवरील स्वर ठरवणाऱ्या चिन्हानंतर) येणारी की सिग्नेचर, म्हणजे कायम लागू शार्प किंवा फ्लॅटच्या खुणा, सर्व सप्तकांतील त्या स्वराला, ती बदलेपर्यंत, लागू राहते. पुढच्या बारमध्ये काही संपादक केवळ आठवण म्हणून कंसात नॅचरल छापतात, त्याने नवशिके उगाच गोंधळतात.

उजवीकडचे टिंब कालावधी निम्म्याने वाढवते, म्हणून २ मात्रांची हाफ नोट ३ मात्रांची होते. दुसरे टिंब पहिल्याने घातलेल्या भरीच्या निम्मी भर घालते, म्हणजे साडेतीन. वरचे किंवा खालचे टिंब स्टॅकाटोचे असते, तो स्वर तोडून वाजवावा. बारलाइनजवळची दोन टिंबे म्हणजे पुनरावृत्तीची सूचना.

कमानीसाठी स्वरांच्या जागा पाहाव्यात. लगतचे दोन स्वर एकाच उंचीचे असतील तर ती टाय असते, दुसरा स्वर पुन्हा न वाजवता पहिलाच तितका वेळ धरून ठेवायचा. उंची वेगळी असेल तर ती स्लर असते आणि स्वर एकमेकांत जोडून वाजवायचे. कमानीच्या पोटात एकच टिंब असेल तर मात्र तो फर्माटा समजावा, तेथे स्वर नेहमीपेक्षा लांबवतात.

मूळ प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. बारलाइनच्या नियमाने तो बेसूरपणा नाहीसा झाला. एक उपप्रश्न आहे : ३/४ आणि ६/८ या दोन्ही तालखुणांच्या बारमध्ये सहा एट्थ नोट (क्वार्टर नोटच्या निम्म्या कालावधीचे स्वर) मावतात, मग फरक कोणता?

प्रतिसाद २ :
गटांचा. ३/४ मध्ये दोन-दोनचे तीन ठोके असतात, तर ६/८ मध्ये सहसा तीन-तीनचे दोन, आणि त्यातला प्रत्येक ठोका टिंब लावलेल्या क्वार्टर नोटएवढा असतो. एट्थ नोटना वरून जोडणारी आडवी जाड रेघ किती स्वरांवरून गेली आहे, ते पाहिले की हे कागदावरच दिसते.