धातूंच्या क्लस्टरवर सेमिनार: कोणता धातू घेऊ?

कातळफूल: एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या सेमिनारसाठी ‘आकारानुसार धातूंच्या क्लस्टरचे बदलणारे गुणधर्म’ हा विषय मिळालाय (क्लस्टर म्हणजे काही ते काहीशे अणूंचे पुंजके). सोन्याचा वितळणबिंदू घेणार आहे: एरवी १०६४ अंश सेल्सिअस, पण कण दोन-तीन नॅनोमीटरचा झाला की काहीशे अंशांनी खाली. एवढं पुरेल, की दुसरा धातू सुचवाल?

रानवारा: सोनं जरूर घ्या, पण तिथेच थांबू नका. कण लहान होतो तसे पृष्ठभागावरचे अणू वाढत जातात. १४७ अणूंच्या विसफलकी (वीस त्रिकोणी बाजूंच्या) रचनेत ९२ बाहेर, ५५ मध्ये ४२, तर १३ मध्ये तब्बल १२! बाहेरच्यांना शेजारी कमी, त्यामुळे ते लवकर ढिले होतात. इथवर सगळं ओळीने चालतं: कण जितका लहान, तितका लवकर वितळतो. आणखी खाली गेलात की एकेका अणूने फरक पडतो. त्यासाठी सोडियम बघा. १९८४ मध्ये बर्कलीत वॉल्टर नाइट यांच्या गटाला ८, २०, ४०, ५८ अणूंचे क्लस्टर आजूबाजूच्या आकारांपेक्षा ठळकपणे जास्त आढळले. प्रत्येक अणूचा एक मोकळा इलेक्ट्रॉन. ते सगळे मिळून क्लस्टरभर कवचं भरतात. कवच पूर्ण झालं की क्लस्टर टिकाऊ.

मृगसरी: माझं मत गॅलियमला. तळहातावर वितळणारा धातू, वितळणबिंदू जेमतेम ३० अंश. सोन्याच्या हिशेबाने त्याचे क्लस्टर आणखी लवकर वितळायला हवेत. पण मार्टिन जॅरॉल्ड यांच्या गटाने ३९ आणि ४० अणूंचे धनभारित क्लस्टर तापवले, तर ते वितळले ५५० केल्विनच्या आसपास, म्हणजे २७५ अंशांच्या पुढे! त्याहून विलक्षण म्हणजे ३१ अणूंच्या क्लस्टरच्या उष्माधारकतेच्या (तापमान एका अंशाने वाढवायला लागणाऱ्या उष्णतेच्या) आलेखात वितळण्याचं टोकदार शिखर दिसतं. एक अणू काढून ३० केले की ते नाहीसं होतं. यामागचं कारण पुणे विद्यापीठातल्या कान्हेरे यांच्या गटाने २००६ मध्ये गणनेतून दाखवलं: ३१ ची मूळ रचना सुव्यवस्थित, ३० ची विस्कळीत. आपल्याकडचं हे काम सेमिनारमध्ये आवर्जून सांगा.

कातळफूल: गॅलियमच घेते! पण ३१ अणूंची उष्माधारकता मोजतात कशी? हा प्रश्न मला नक्की विचारतील.

मृगसरी: क्लस्टरचे आयन ठरावीक तापमानाला आणून, त्यातले हव्या त्या वस्तुमानाचे वेगळे काढून वायूच्या अणूंवर आदळवतात. क्लस्टरमध्ये आधीच जितकी ऊर्जा साठलेली, तितका तो फोडायला कमी धक्का लागतो. तापमान थोडं वाढवल्यावर लागणारा धक्का किती घटला, यावरून उष्माधारकता काढतात. तापमानानुसार उष्माधारकतेचा आलेख फळ्यावर स्वतः काढून दाखवा.