क्लबहाऊसमध्ये ट्रॅक्शन टेबल कशाला?

मेधाताई (सी-२०४): सेक्रेटरी साहेब, पुढच्या सभेच्या अजेंड्यावर पुन्हा कंबर ताणणारं ट्रॅक्शन टेबल आणि दुखऱ्या जागी ध्वनिलहरी सोडणारं अल्ट्रासाउंड मशीन? मागच्या वेळी हा विषय बाजूला ठेवला होता ना? परत कुणी उकरून काढला?

सेक्रेटरी: ताई, ठरलेलं काहीच नाही. ज्येष्ठ सदस्यांची मागणी होती म्हणून विषय घेतला. 🙏

नाना (ए-१०१): मागणी माझी आहे, लपवायचं काय त्यात? मणक्यातली गॅप कमी झाली की नस दबते. ट्रॅक्शनने गॅप उघडते. साधा हिशोब.

मेधाताई: नाना, उघडते ती टेबलावर आहात तोवर. उभं राहिलं की अंगाचं वजन पुन्हा मणक्यावर येतं आणि मणक्यांमधली चकती होती तशी होते. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीबद्दल सूचना काढल्या. ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, टेन्स (त्वचेवरून विजेचे हलके झटके) आणि कमरेचा पट्टा हे चारही नेहमीच्या उपचारात नकोत, असं त्यात आहे. उपचारांचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्येच हे सांगून ठेवलंय.

विवेक (बी-५०३): पट्टा पण बाद? मग लिफ्टमध्ये लोकांना ओळखायचं कसं 😄

वैशालीवहिनी (बी-३०१): लिफ्ट चालू असेल तेव्हा ना.

सेक्रेटरी: लिफ्टचं कृपया मेंटेनन्सच्या ग्रुपवर.

वैशालीवहिनी: तिथे कोणी उत्तर देत नाही म्हणून इथे.

नाना: विषय भरकटवू नका. एमआरआयमध्ये गॅप कमी झालेली स्पष्ट दिसते. ट्रॅक्शनने गॅप उघडते.

ओंकार (डी-१०२): नाना, न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही ती दिसते. २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. कंबर अजिबात न दुखणाऱ्यांत विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या निघाल्या, ऐंशीच्या घरात ९६ टक्के. फुगलेली चकती विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४. नुसता रिपोर्ट वाचून काही ठरत नाही. कुठल्या हालचालीला दुखतं, पायात कळ कुठवर जाते, कुठला स्नायू कमजोर झालाय, हे त्या फोटोशी जुळायला हवं.

विवेक: म्हणजे एमआरआय काढायचाच नाही?

मेधाताई: काढायचा, कारण असेल तेव्हा. लघवी अडली, बसायच्या जागेवर किंवा जांघांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पाऊल उचलता येईनासं झालं, तर ग्रुपवर विचारत बसू नका, त्याच क्षणी इमर्जन्सी गाठा. कंबरदुखीबरोबर ताप, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, किंवा बरीच वर्षं स्टिरॉइड घेणाऱ्याचं किरकोळ पडणं, यातही लगेच दाखवायचं.

ओंकार: टेबलाच्या जागी चटया टाका. पाठीच्या कण्याचे कॅनडातले अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन व्यायाम पुरेत.
कर्ल-अप: पाठीवर झोपून एक गुडघा वाकवा, दुसरा पाय सरळ. दोन्ही तळहात कमरेच्या पोकळीखाली. ती पोकळी जमिनीला चेपायची नाही. डोकं आणि खांदे जेमतेम उचला.
साइड ब्रिज: कुशीवर होऊन कोपरावर आणि गुडघ्यांवर, नितंब खाली लोंबू न देता. जमलं की गुडघे सरळ करून पावलांवर.
बर्ड डॉग: हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात पुढे, डावा पाय मागे सरळ ताणा. मग उलट.
प्रत्येक धरणं १० सेकंदांचं. आधी ६ वेळा, थांबून ४, मग २. सेकंद वाढवू नका, वेळा वाढवा.

मेधाताई: बर्ड डॉग सगळ्यांचा एकाच जागी बिघडतो. पाय नितंबांच्या वर नेतात, की कमरेचा खड्डा वाढतो आणि ओटीपोट एका बाजूला कलतं. कमरेवर आडवी काठी ठेवा. घरंगळली तर पाय जास्त उचलला. पण ओंकार, "तीनच पुरेत" कशावरून? वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेनच्या २०१६ च्या आढाव्यात मोटर कंट्रोलचे, म्हणजे मणका सावरणाऱ्या स्नायूंचे, व्यायाम इतर व्यायामांपेक्षा फारसे सरस ठरले नाहीत. जो नेमाने होईल तो व्यायाम.

ओंकार: ताई, "काहीही करा" म्हटलं की लोक काहीच करत नाहीत.

मेधाताई: मी "काहीही" म्हटलेलं नाही. नीट वाच.

विवेक: 🍿

नाना: दोघं भांडा. ट्रॅक्शनने गॅप उघडते.

वैशालीवहिनी: कळ पोटरीपर्यंत जात असेल तर यातलं काय करायचं?

मेधाताई: चांगला प्रश्न, वहिनी. पालथं झोपून दोन मिनिटं कोपरांवर टेका, मग हातांवर जोर देऊन छाती उचला, ओटीपोट जमिनीलाच. १० वेळा. पोटरीतली कळ मांडीत, मांडीतली कमरेत अशी वर सरकली तर दिशा बरोबर, मग कमरेत थोडं जास्त दुखलं तरी चालतं. कळ खाली पावलाकडे उतरायला लागली तर तिथेच थांबा, ती दिशा तुमची नाही. न्यूझीलंडचे फिजिओ रॉबिन मॅकेन्झी यांच्या पद्धतीचा सगळा डोलारा या एका खुणेवर उभा आहे.

ओंकार: हे मान्य. आणि सकाळी उठल्या उठल्या नको. रात्रभर चकत्या पाणी शोषून टम्म असतात. पहिला तासभर खाली वाकणंही टाळा, बुटाची लेस खुर्चीत बसून बांधा.

सेक्रेटरी: सगळ्यांना झेपेल असं काही? चटईवर बसून उठता न येणारे बरेच आहेत आपल्यात.

मेधाताई: चालणं. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातली चाचणी आली. कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले ७०१ जण. फिजिओने आखून दिल्याप्रमाणे हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालायचं उद्दिष्ट. चालणाऱ्यांचं दुखणं परत यायला मधल्या आकड्यात (मीडियन) २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांचं ११२. तेव्हा टेबलाऐवजी मागच्या रस्त्यावरचे दिवे लावा.

नाना: दिवे मी दोनदा लेखी मागितलेत. ते तरी करा. टेबलावर मतदान घ्या.

सेक्रेटरी: दिव्यांचं बघतो. मतदान सभेत.

वैशालीवहिनी: आणि लिफ्ट?