इंग्रजी बदलते की बिघडते?

जुनापुराणा: परवा मुलगी म्हणाली, "बाबा, आय लिटरली डाइड." शब्दशः मेलीस, तर बोलतेयस कशी, असं विचारलं. तिने फोनवर शब्दकोशच उघडून दाखवला. 'लिटरली'चा 'नुसता जोर देण्यासाठी' हा वापरही तिथे नोंदवलेला! माझं मत सांगतो: भाषा बदलत-बिदलत नाही. चुकणारे वाढले की कोशकार हात टेकतात.

खारीक_खोबरं: चूक ठरवणार कोण? वेस्टमिन्स्टरचा मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने १४९० साली एक किस्सा लिहून ठेवलाय. वारा पडला म्हणून थेम्समध्ये अडकलेले व्यापारी किनाऱ्यावर उतरले. एकाने तिथल्या बाईकडे 'एग्ज' मागितली. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. हा भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! दुसऱ्याने 'आयरेन' मागितल्यावर तिला कळलं, अंडी हवीत. 'आयरेन' जुनं, घरचं इंग्रजी. 'एग' व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून आलेलं. आज नाश्त्याला काय मागवता?

जुनापुराणा: परके आले की शब्द येणारच, ते मान्य. १०६६ ला फ्रान्सहून नॉर्मन आले, तेव्हापासून गोठ्यात 'काउ' उरली आणि ताटात फ्रेंच 'बीफ' आलं. पण 'लिटरली'वर कोणी स्वारी केली होती?

टाचणी: 'एप्रन'वर तरी कोणी केली होती? मूळ शब्द 'नॅप्रन'. 'अ नॅप्रन' म्हणता म्हणता 'न' निसटून मागच्या 'अ'ला चिकटला. निव्वळ ऐकण्यातली चूक. आणि 'नाइस'चा जुना अर्थ 'मूर्ख'. लेकीला लहानपणी किती वेळा 'नाइस गर्ल' म्हणालात, मोजा.

शुद्धलेखक: मी काकांच्या बाजूने. लगाम घालता येतो. छापखाना आला आणि हळूहळू स्पेलिंग स्थिरावलं ना?

टाचणी: स्थिरावलं, आणि जीभ पुढे निघून गेली. 'नाइट' म्हणजे सरदार, त्यातला 'के' पूर्वी खरंच उच्चारत. आता तो पोरांच्या डिक्टेशनमध्ये मार्क कापण्यापुरता उरलाय. इंग्रजी कायमची पक्की करा, असं लेखक जोनाथन स्विफ्टने १७१२ सालीच सुचवलं होतं. कोशकार सॅम्युअल जॉन्सनलाही आधी तीच आशा होती. १७५५ ला कोश छापला, तेव्हा प्रस्तावनेत त्यानेच कबूल केलं की भाषेला ममीसारखा मसाला भरून टिकवता येत नाही.

जुनापुराणा: धागा मुलीला दाखवला. म्हणाली, "बाबा, लिटरली एकच माणूस तुमच्या बाजूने आहे." मोजलं. वापर बरोबर आहे.